टंचाईच्या काळातील गर्जना

ध्वनिमुद्रिकेची लोकप्रियता तिच्या खपावरून मोजावी, हा बाजारपेठेचा सर्वमान्य संकेत आहे. परंतु जेथे खुली बाजारपेठच नव्हती, तेथे खपाच्या आकड्याला अर्थ तो काय? पोलंडमध्ये 'हेवी मेटल' संगीताचा पाया घालणाऱ्या टीएसए या वाद्यवृंदाचा विचार करताना हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकाचा पिच्छा सोडीत नाही.

ओपोले शहरात १९७९ साली आंद्जेय नोवाक या गिटारवादकाने हा वृंद उभा केला. नावाची तीन अक्षरे म्हणजे 'मद्यत्याग्यांचे गुप्त मंडळ'. व्होडकाच्या देशात यातील थट्टा कोणास समजावून सांगावी लागली नसेल! १९८१ साली मारेक पिएकार्चिक हा गायक येऊन मिळाला आणि त्याच वर्षी यारोचीनच्या संगीत मेळाव्यात हा वृंद तरुणांपुढे आला. एसी-डीसीचा संस्कार उघड होता. दोन गिटारींचा एकमेकांस रेटणारा ठेका आणि तळाशी ब्लूजचा पाया होता. त्यावर पिएकार्चिकचा उंच, खरबरीत आवाज चढे, आणि तो पोलिश भाषेत गात असे.

१३ डिसेंबर १९८१ रोजी यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा पुकारला. मांस तर त्याआधीच शिधापत्रिकेवर गेले होते. टंचाईच्या अर्थव्यवस्थेत खरेदीचा आकडा ग्राहकाची इच्छा नव्हे, तर उत्पादकाची मर्यादा दाखवितो, हे हंगेरीचे यानोश कोर्नाई यांनी १९८० साली साधार मांडले होते. 'टीएसए' (१९८३) आणि 'हेवी मेटल वर्ल्ड' (१९८४) या ध्वनिमुद्रिकांना हाच न्याय लावावयास हवा. घरोघर उतरवून घेतलेल्या कॅसेटी कोणत्या खातेवहीत चढणार?

राजवटीने असे संगीत केवळ तरुणांच्या असंतोषाला वाट मिळावी म्हणून चालू दिले, असे काही जण म्हणतात. असेलही. तथापि परवानगी देणाऱ्याचा हेतू म्हणजे ऐकणाऱ्याचा अनुभव नव्हे. ही गल्लत आपणही सेन्सॉरविषयी बोलताना नेहमी करतो.

१९८३ साली ओल्श्टिन येथे स्थापन झालेल्या वेडरने पुढे इंग्रजीत गाऊन जागतिक बाजारपेठ गाठली. त्यात गैर काहीच नाही. निर्यातीच्या मालावर ग्राहकाच्या भाषेतील चिठ्ठी लागतेच. टीएसएचा मुख्य श्रोता मात्र घरचा राहिला, आणि वारशाचा हिशेब मांडताना हीच बाब प्रस्तुत लेखकास अधिक मोलाची वाटते. नोवाक जानेवारी २०२२ मध्ये निवर्तले. त्यांच्या गिटारीवर किती पोलिश मुलांनी आपले हात बसविले, याची नोंद ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीत सापडणार नाही.