कल सांगणारे इंग्रजी शब्द

‘मुलाचा गणिताकडे कल आहे’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. हीच गोष्ट इंग्रजी अर्जात लिहिताना उमेदवार कोशातून हाती लागेल तो शब्द उचलतो आणि पुष्कळदा तो ‘बायस’ असतो. अर्ज वाचणाऱ्याला मात्र उमेदवाराने आपल्या एकांगी बुद्धीची कबुलीच दिल्यासारखे वाटते.

हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळत सोडण्याचा एक जुना इंग्रजी खेळ आहे. त्यातील गोळा मुद्दामच एका अंगाला असमान घडवितात. सरळ सोडला तरी वेग मंदावताच तो बाजूला वळतो. गोळ्याच्या या गुणाचे नाव ‘बायस’. शिंप्याच्या तिरक्या कापालाही हाच शब्द लावतात. खेळात आणि कापडात तो निरुपद्रवी आहे. पण पंचाच्या किंवा न्यायाधीशाच्या मनाविषयी वापरला, की तो पक्षपाताचा आरोप ठरतो.

गणिताच्या विद्यार्थ्याला हवा असलेला शब्द ‘बेंट’ हा होय. मूळ अर्थ वाकलेला, तरी ‘बेंट फॉर मॅथेमॅटिक्स’ यात उपजत आवडीचे कौतुक आहे. येथे ‘फॉर’ला जपावे लागते. ‘बेंट ऑन’ म्हटले, की माणूस हट्टाला पेटला असा अर्थ होतो, आणि तो हट्टही बहुधा वाईटाचाच!

‘इन्क्लाइन्ड’ स्वभावाने मवाळ आहे. ‘आय ॲम इन्क्लाइन्ड टु थिंक’ म्हणणारा आपले मत मांडतो. पण ते बदलण्याची वाटही मोकळी ठेवतो. वडीलधाऱ्यांशी मतभेद असता हा प्रयोग फार उपयोगी पडतो.

‘ओरिएंट’ म्हणजे उगवती दिशा. ख्रिस्ती देवालयांची वेदी पूर्वेकडे ठेवण्याचा जुना प्रघात होता. दिशा ठरविणे हा अर्थ त्या पूर्वाभिमुख रचनेतून पुढे आला. इंग्लंडात ‘ओरिएंटेटेड’ आणि अमेरिकेत ‘ओरिएंटेड’ हे रूप अधिक चालते. दोन्ही शुद्ध आहेत. मात्र प्रत्येक नामाला हे शेपूट जोडण्याची हल्लीची हौस कंटाळवाणी खरीच.

राहता राहिला ‘फोकस’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चूल. केप्लरने 1604 मध्ये प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात तो भूमितीतील बिंदूसाठी वापरला. मन या बिंदूवर स्थिरावते, त्याच्याकडे नुसते झुकत नाही. म्हणून ‘फोकस’पुढे ‘ऑन’ लिहावे, ‘टुवर्ड्स’ नव्हे.