शैवल-बहर, तलावांतील : संगणकीय प्रतिमाने
साचलेल्या पाण्यात सूक्ष्म शैवलांची अल्पावधीत बेसुमार वाढ होऊन पृष्ठभागावर हिरवट साय धरते, त्यास शैवल-बहर म्हणतात. मायक्रोसिस्टिससारखी नील-हरित शैवले (वस्तुतः जीवाणू) यकृतास घातक विषे निर्माण करू शकतात. नागपूर येथील फुटाळा, गांधीसागर व एकेकाळी शहरास पाणी पुरविणारा अंबाझरी यांसारख्या वस्तीलगतच्या तलावांत सांडपाण्यातील फॉस्फरस आणि प्रखर उन्हाळा या बहरास पोषक ठरतात.

फॉस्फरसची आवक व तलावाची खोली यांचा संबंध आर. ए. फोलेनवायडर यांनी १९६८ मध्ये दाखविला. आधुनिक प्रतिमानांत पोषकद्रव्ये, प्रकाश, तापमान आणि शैवलांची वाढ व ऱ्हास समीकरणांनी मांडतात. संगणक ती दिवसागणिक सोडवितो. आलेले उत्तर पाण्यात प्रत्यक्ष मोजलेल्या हरितद्रव्याशी ताडून स्थिरांक सुधारले जातात.

सांडपाणी रोखल्यावरही उथळ तलावाच्या गाळातील फॉस्फरस पाण्यात मिसळत राहून बहर काही वर्षे टिकू शकतो. नाला वळविणे पुरेसे आहे, की गाळही काढावा लागेल, याचा अंदाज प्रतिमानावरून खर्चापूर्वीच बांधता येतो. मात्र नियमित मोजमापांच्या अभावी प्रतिमान हा केवळ तर्क ठरतो.