रोव्हर्सची फायनल

२४ मे २०२५च्या रात्री बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर जर्मन फुटबॉल कपची फायनल झाली. आपल्याकडे साडेअकरा वाजले होते. वाडीत अमरावती रोडवरचे ट्रक सोडले तर जागे होतो मी आणि शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा. एकीकडे स्टुटगार्ट, दुसरीकडे आर्मिनिया बिलेफेल्ड, म्हणजे चक्क तिसऱ्या श्रेणीतला संघ! येता येता त्यानं पहिल्या श्रेणीतले चार संघ गारद केले होते. आदल्या वर्षीचा विजेता लेव्हरकुसेन त्यातलाच एक. फायनल मात्र तो ४-२ अशी हरला.

जर्मनीत या कपच्या पहिल्या फेरीत ६४ संघ असतात आणि हौशी संघाची बड्या संघाशी गाठ पडली, तर सामना हौशी संघाच्या मैदानावर होतो. बड्यांनी तिथं जायचं. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचं, तर लीग म्हणजे आवर्ती ठेव, थोडं थोडं साठत जाणार. कपमध्ये मागची शिल्लक कोणी विचारत नाही. आज हरलात की खातं बंद.

"काका, आपल्याकडे असं होते का जी?" मुलानं विचारलं.

होत होतं. मुंबईत, कूपरेजवर, रोव्हर्स कपमध्ये.

हा कप १८९१ सालचा. पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंटचा गोरा संघ, आणि पुढं कित्येक वर्षं पलटणींचंच राज्य. १९२३ साली मोहन बागान फायनलपर्यंत पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीपुढं हरला. कप पहिल्यांदा भारतीय संघाच्या हाती आला तो १९३७ साली, बंगलोर मुस्लिम्सच्या. मग १९५० ते १९५४ अशी ओळीनं पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांनी तो सोडलाच नाही. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशानं शाळामास्तर! याच मास्तरांच्या हाताखाली १९५६ साली मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला आणि तिथं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईच्या मैदानांवरचा खेळाडू. १९५८ साली रोव्हर्स जिंकला कॅल्टेक्सनं. तेल कंपनीचा संघ! आजच्या पोरांना हे खरं वाटत नाही.

ऐंशीच्या दशकात माझी फोर्टातल्या शाखेत बदली झाली होती. आमच्याकडे खेळाडू म्हणून लागलेला एक कारकून होता. मोसमात तो दुपारीच निघे. त्याचं लेजर दुसऱ्याच्या टेबलावर जाई आणि कुरकुर सुरू होई. पण त्याच्या घरात पगारी नोकरी लागलेला तो पहिलाच. माहीमच्या, वांद्र्याच्या गल्लीत खेळणाऱ्या मुलाला रेल्वे, गिरणी, बँक, टाटा यांपैकी कोणाची तरी नजर पडावी लागे, आणि ती पडायची जागा म्हणजे कूपरेज. गॅलरीत बसणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असे. गोल हुकला की शेजारचा म्हातारा हळहळे, "गेली बिचाऱ्याची नोकरी!"

१९९६ साली नॅशनल फुटबॉल लीग आली. ती हवीच होती. पण क्लबांचं वर्ष लीगनं भरलं आणि जुन्या कपांना तारखा मिळेनाशा झाल्या. त्यात कंपन्यांनी संघ गुंडाळले. २००५-०६ची नॅशनल लीग जिंकणाऱ्या महिंद्र युनायटेडनंसुद्धा २०१० साली दुकान बंद केलं. रोव्हर्स त्याआधीच संपला होता. २०००-०१मध्ये मोहन बागाननं जिंकला तो शेवटचा.

कामठीची छावणी १८२१ची. तिथली पोरं आजही चेंडूमागे धावतात. त्यांनी आता कोणाच्या नजरेत भरायचं?

ड्युरँड कप रोव्हर्सहून तीन वर्षांनी थोरला. त्याचीही दशा झाली होती, पण लष्करानं तो सोडला नाही. २०१९ साली तो कोलकात्याला नेला आणि पुन्हा उभा केला. रोव्हर्सला असा वाली मिळाला नाही. मुंबईत पैसा नव्हता, असं कोण म्हणेल?