चाकोरीबाहेरचे चाक

— तृतीय वर्ष कला

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी मोटारीच्या चाकांवर लेख द्यावा, हे संपादक मंडळातील सरांना प्रथम चमत्कारिकच वाटले. कविता नाही, प्रवासवर्णन नाही, निदान एखादी कथा तरी! पण माझाही नाइलाज आहे. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर मामांचे गॅरेज, अशी माझी तीन वर्षे गेली. त्या गॅरेजात गेल्या उन्हाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. आपल्यातलेही काही मित्र गाडी खाली बसवण्याच्या आणि चाके बाहेर काढण्याच्या नादात आहेत, हे मी रोज कॉलेजच्या फाटकाशी पाहतो. म्हणून ती चूक मला जेवढी उमगली तेवढी येथे मांडतो.

आरंभ थोडा दुरून करतो. ‘चाकोरी’ हा शब्द आपण निबंधात सर्रास वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ बैलगाडीच्या चाकांनी वाटेत पाडलेली खोल रेघ, हे मला आजोबांकडून कळले. आपल्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात चिखलात गाड्या जात, उन्हाने तो चिखल वाळून दगडासारखा होई, आणि मग मागून येणारी प्रत्येक गाडी त्याच दोन रेघांतून चाले. एखाद्या गाडीच्या चाकांतले अंतर चार बोटे कमीजास्त असले तर तिचे एक चाक रेघेत आणि दुसरे काठावर राही. गाडी कलती होई, बैलांचे हाल होत. ट्रॅक्टर आले तेव्हाही हाच हिशेब आला. कपाशीच्या ओळींतून चालायचे तर चाकांमधले अंतर ओळींशी जुळले पाहिजे, म्हणून ट्रॅक्टरची मागची चाके उलटसुलट बसवून ते अंतर कमीजास्त करण्याची सोय कारखानदारच ठेवतो. सारांश, दोन चाकांमधले अंतर बदलणे ही काही नवी कल्पना नव्हे. मात्र तिथे अंतर बदलायचे ते कामासाठी, आणि सोय आधीपासून केलेली. माझ्या मावसभावाचे अंतर बदलले ते शोभेसाठी.

दादाने जुनी स्विफ्ट घेतली आणि महिन्याभरात ती एका शहरातल्या दुकानात नेऊन खाली बसवून आणली. म्हणजे स्प्रिंगांचे वेढे कापले. गाडी दोन इंच खाली आली, आणि मग त्याच्या लक्षात आले की आता चाके मडगार्डच्या आत गेल्यासारखी, खोल डोळ्यांच्या माणसासारखी दिसताहेत. यावर उपाय म्हणून त्याने स्पेसर मागवले. स्पेसर म्हणजे चाक आणि हब यांच्यामध्ये बसवायची ॲल्युमिनियमची जाड चकती. जेवढी चकती जाड तेवढे चाक बाहेर.

दादाला हसण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या पाँटिॲक कंपनीला नेमकी हीच अडचण आली होती. नवे शरीर रुंद झाले आणि चाके त्याखाली दडल्यासारखी दिसू लागली. कंपनीने १९५९ च्या गाड्यांत चाके जवळजवळ पाच इंचांनी एकमेकांपासून दूर नेली आणि ‘वाइड ट्रॅक’ या नावाने तीच गोष्ट जाहिरातीत मिरवली. पण त्यांनी चकत्या घातल्या नाहीत. गाडीच तशी बांधली.

चाके बाहेर गेली की गाडी वळणावर कमी कलते, असे दुकानदार सांगतो. खोटे नाही. फक्त त्याचे माप पाहावे. स्विफ्टच्या दोन चाकांतले अंतर साधारण दीड मीटर. प्रत्येक बाजूला २० मिलिमीटरची चकती घातली तर अंतर ४ सेंटिमीटरने वाढते, म्हणजे शंभरात अडीच-पावणेतीन. एवढा लाभ वळणावर वेग किंचित कमी केला तरी मिळतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

तोटा मात्र रोज होतो. बोदवडकरांना पाण्याची कळशी उचलणे शिकवायला नको. तीच कळशी कमरेला टेकवून धरली तर विहिरीपासून घर गाठता येते, हात लांब करून धरली तर चार पावलांत खांदा भरून येतो. कळशीचे वजन तेच, पण खांद्यापासूनचे अंतर वाढले. चाकाच्या बेअरिंगचे तसेच आहे. कारखान्याने चाक अशा बेताने बसवलेले असते की त्याचा भार बेअरिंगवर नीट पेलला जावा. चकती त्या भाराला बाहेर ढकलते, आणि बेअरिंगला तो हात लांब करून धरावा लागतो. पुढच्या चाकांत आणखी एक भर पडते. स्टिअरिंग फिरवताना चाक ज्या तिरप्या आसाभोवती वळते, त्या आसापासून टायरचा मध्य जितका दूर, तितका खड्ड्याचा धक्का हातापर्यंत जास्त पोचतो. दाराच्या बिजागरीजवळ ढकलले तर दार हलत नाही, कडेला बोट लावले की फिरते, तोच न्याय. म्हणून स्पेसर घातल्यावर एकच चाक खड्ड्यात गेले किंवा एकाच चाकाचा ब्रेक जास्त लागला की स्टिअरिंग हिसका देते.

आता मुख्य गोष्ट. मी तीन वर्षे चाके काढली आणि बसवली, पण चाक गाडीला कशाने धरून असते हे मला ठाऊक नव्हते. माझी समजूत अशी, की चार बोल्ट आहेत, चाक त्यांवर टांगलेले आहे. ही समजूत चूक आहे. चाक बोल्टांवर टांगलेले नसते. नट आवळला की बोल्ट अगदी थोडासा ताणला जातो, आणि त्या ताणाने चाकाचे तोंड हबच्या तोंडावर दाबून बसते. या दोन तोंडांतले घर्षण चाकाला धरून ठेवते. बारा मिलिमीटर जाडीचा बोल्ट १०० न्यूटन-मीटर जोराने आवळला, म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला दहा किलो टांगले असे समजा, तर तो एकटा बोल्ट साधारण चार टनांच्या दाबाने चाक धरतो. चार बोल्टांचे सोळा टन झाले. गाडी स्वतः एक टनाच्या आसपास! दाब पुरेसा आहे तोवर बोल्टांवर आडवा मार बसतच नाही. दाब गेला की सगळा मार बोल्टांवर येतो, आणि बोल्ट त्यासाठी केलेले नसतात. ते पुढेमागे वाकून अखेर तुटतात.

म्हणजे स्पेसर बसवताना सांभाळायची गोष्ट एकच: दोन तोंडे सपाट, स्वच्छ आणि पूर्ण टेकलेली हवीत, आणि नट पुरेशा आट्यांवर चढला पाहिजे.

दादाने पहिल्यांदा आणल्या त्या ५ मिलिमीटरच्या पातळ चकत्या. त्या मूळ बोल्टांवर नुसत्या सरकवायच्या. पण बोल्ट तेवढेच लांब राहतात, म्हणजे चकती ५ मिलिमीटर आटे खाते. स्विफ्टच्या बोल्टाचा आटा सव्वा मिलिमीटरचा, तेव्हा चार वेढे गेले. साधारण नियम असा की बोल्टाच्या जाडीइतका तरी आटा नटात बसावा. बारा मिलिमीटरच्या बोल्टाला साडेनऊ वेढे. मामांनी मला नट हाताने चढवून वेढे मोजायला लावले. सात भरले. मामा म्हणाले, “काढ त्या.” शिवाय हबच्या मध्यभागी जो गोल उंचवटा चाकाला मध्यावर धरतो, तो पातळ चकतीत बुडून जातो आणि चाक मध्यावर बसल्याची खात्री राहत नाही. मग ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि माणूस टायरवाल्याला दोष देत फिरतो.

दुसऱ्या खेपेला त्याने २० मिलिमीटरच्या आणल्या. या जाड चकतीला स्वतःचे चार बोल्ट असतात. आधी चकती मूळ बोल्टांवर नटांनी आवळायची आणि मग चकतीच्या बोल्टांवर चाक बसवायचे. आटे पूर्ण मिळतात, मध्यावर धरणारा उंचवटाही चकतीला केलेला असतो. मला वाटले, झाले काम. त्या दिवशी मामा बाहेरगावी होते. दादाला घाई होती. ताईच्या लग्नाचा बस्ता बांधायला दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावला निघायचे होते. “भो, एवढं करून टाक,” तो म्हणाला. मी मागच्या दोन्ही चाकांना चकत्या बसवल्या, पान्ह्याला नळी घालून नट आवळले आणि हात धुतले.

सकाळी फोन आला तेव्हा गाडी वरणगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभी होती. गाडीत मावशी, ताई आणि मावशीची जाऊ. मागून खट् खट् आवाज येऊ लागला, आधी त्यांना वाटले टायरमध्ये खडा अडकला असेल, मग गाडीचा मागचा भाग डोलू लागला. दादाने शहाणपणा केला, लगेच थांबला. मी आणि रात्री परतलेले मामा मोटारसायकलवरून गेलो. डाव्या बाजूचे नट मी बोटांनी फिरवले. चारही. मावशी झाडाखाली पाण्याची बाटली घेऊन बसली होती आणि माझ्याकडे पाहून हसली, कारण तिला वाटले मी मदतीला आलो आहे.

मामा काही बोलले नाहीत. चाक उतरवले, आणि चकतीच्या तोंडावर पोलादी पट्टी आडवी ठेवली. पट्टी डुगडुगली. गाडीचे मूळ बोल्ट ड्रमपासून २२ मिलिमीटर बाहेर येत होते, आणि चकती २० मिलिमीटरची. चार बोल्टांची टोके चकतीच्या बाहेर दोन मिलिमीटर डोकावत होती. काही चाकांना त्या ठिकाणी आतून खोलगे असतात, तिथे टोके सामावतात. दादाची चाके पत्र्याची, सपाट. म्हणजे माझे चाक चकतीवर टेकलेच नव्हते, चार टोकांवर उभे होते. नट आवळताना हाताला घट्ट लागले, कारण काहीतरी दाबले जात होते. पण तोंडाला तोंड भिडले नव्हते. हजारो वेळा चाक फिरल्यावर पत्रा त्या चार ठिकाणी दबला, बोल्टांचा ताण गेला आणि नट सुटू लागले. चाकाची भोके अंडाकृती झाली होती. मी जे वरून पाहिले ते बरोबर दिसत होते, आणि जे पट्टी ठेवून पाहायला हवे होते ते पाहिलेच नाही. दोन मिनिटांचे काम होते.

त्या दिवशी बस्ता एसटीने झाला.

यानंतर आम्ही दादाची गाडी सावकाश तपासली, तेव्हा चकत्या हा अर्धाच रोग निघाला. स्प्रिंग कापली की ती नुसती आखूड होत नाही, कडकही होते. सहा वेढ्यांतला एक कापला तर उरलेली स्प्रिंग एकपंचमांशाने अधिक कडक. पण दबायला जागा मात्र कमी. या स्विफ्टची जमिनीपासूनची मूळ उंची १७० मिलिमीटरच्या आसपास; दोन इंच गेल्यावर १२० राहिली. भारतीय रस्ते परिषदेच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. कागदावर गाडी त्यावरून जेमतेम निघते. आपल्या गावोगावचे गतिरोधक कोणत्या परिषदेच्या मापाचे असतात हे मी सांगत नाही, आपण रोज त्यांवरून जातो. खेरीज पुढची चाके खाली बसवल्यावर वरून आत कलतात आणि टायर आतल्या कडेने झिजते.

मागे वेगळाच प्रकार. गाडी रिकामी असताना टायर आणि मडगार्डची कड यांत बोटभर जागा दिसे. मामांनी सिमेंटच्या पाच गोण्या, प्रत्येकी ५० किलोच्या, मागे ठेवायला लावल्या. चकती घातलेले टायर पत्र्याच्या कडेला टेकले. गाडी खाली आली नसती तर ती चकती कदाचित खपली असती. चकती नसती तर खाली आलेली गाडीही खपली असती. दोन्ही मिळून जागा उरली नाही. ज्यांना हा खटाटोप करायचाच आहे त्यांनी निदान ही परीक्षा घ्यावी: पूर्ण भार घालून, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून. चकती बसवायच्या आधी हबचा गंज तारेच्या ब्रशने काढावा, तोंडावर रंग किंवा ग्रीस ठेवू नये, आट्यांनाही तेल लावू नये. नट गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्ह्याने, समोरासमोरचे असे क्रमाने आवळावेत, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत. जाड चकतीत सांधे दोन असतात, म्हणून चाक उतरवून आतले नटही पाहावे लागतात. हे पुष्कळजण विसरतात.

कायद्याचेही दोन शब्द. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. अपघातानंतर विमा कंपनी असा बदल पुढे करून भांडू शकते, ते वेगळेच.

लग्नाच्या आठ दिवस आधी दादाने चकत्या काढल्या, भोके गेलेली दोन्ही चाके बदलली आणि चारही स्प्रिंगा मूळच्या मापाच्या नव्या घातल्या. पैसे दिले त्याने, मजुरी मी घेतली नाही. ताईची पाठवणी त्याच गाडीतून झाली. मागे तिघीजणी आणि दोन पेट्या होत्या. मी आदल्या रात्री नट तपासले होते, तरी सकाळी पुन्हा एकदा पान्हा लावून पाहिला. मावशीला मी अजून खरे सांगितलेले नाही. हा अंक घरी नेईन तेव्हा तिला कळेल.