बाटलीवर वाढणाऱ्या मांजराच्या पिल्लाचे पोट साफ होत नसेल तर...

कोल्हापुरातील जुन्या पेठांमध्ये मांजराने माळ्यावर, लाकडांच्या ढिगात किंवा बंद वाड्याच्या जिन्याखाली पिल्ले घालणे ही नवलाची गोष्ट नाही. कधी मांजरी वाहनाखाली सापडते, कधी कुत्र्यांच्या भीतीने जागा बदलताना एखादे पिल्लू मागे राहते आणि तो मूठभर जीव एखाद्या कुटुंबाच्या हाती येतो. मुलांच्या आग्रहाखातर त्याला बाटलीने दूध पाजणे सुरू होते. दोन दिवस सुरळीत जातात. तिसऱ्या दिवशी लक्षात येते, की पिल्लू दूध तर पिते, पण त्याने शी केलेलीच नाही. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले असते आणि त्याचे केविलवाणे ओरडणे थांबत नाही.

अशा वेळी घरातील मंडळी बद्धकोष्ठता झाली असे समजून औषधाच्या शोधात निघतात. प्रत्यक्षात अनेकदा पिल्लाला कोणताही आजार नसतो. मांजराच्या नवजात पिल्लाला पहिले सुमारे तीन आठवडे आपणहून शी-शू करताच येत नाही. मांजरी दूध पाजल्यानंतर पिल्लाच्या शेपटीखालचा भाग खरखरीत जिभेने चाटते. त्या स्पर्शाने मूत्राशय व आतडे मोकळे होते आणि बाहेर आलेली घाण ती स्वतःच चाटून टाकते. निसर्गाने ही व्यवस्था विचारपूर्वक केलेली दिसते. पिल्लांनी हवी तेव्हा घाण केली असती, तर तिच्या वासाने शत्रूला त्यांचा ठावठिकाणा लागला असता. बाटलीने पिल्लाला दूध मिळते, मात्र आईची जीभ मिळत नाही. ते काम पाळणाऱ्यालाच करावे लागते.

ते अवघड नाही. स्वच्छ कापूस किंवा मऊ सुती कापडाचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पिळून घ्यावा. पिल्लू हातात आडवे धरून शेपटीखाली, गुदद्वार व मूत्रद्वारावर अगदी हलक्या हाताने तो फिरवावा. घासू नये. एक-दोन मिनिटांत प्रथम लघवी होते. शी मात्र प्रत्येक वेळी होईलच असे नाही. नंतर तो भाग कोरड्या कापडाने टिपून घ्यावा, अन्यथा त्वचा लाल होऊन चरचरते. दर वेळी दूध पाजताना हा क्रम पाळावा, रात्रीच्या दुधालाही त्यातून सुटका नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाला दर दोन-तीन तासांनी दूध लागते, हे ध्यानात घेतले तर या पालकत्वात झोपेचे काय होते याची कल्पना येईल.

बाटलीवरच्या पिल्लाला साधारणपणे दिवसातून एकदा तरी शी होते. ती मोहरीच्या रंगाची आणि टूथपेस्टसारखी मऊ असते. एखादा दिवस चुकला, पण पिल्लू चपळ आहे, दूध ओढून पिते आहे आणि पोट हाताला मऊ लागते आहे, तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र शी कडक खड्यांसारखी होत असेल, पिल्लू कुंथत असेल किंवा पोट घट्ट झाले असेल, तर दुधाकडे पाहिले पाहिजे.

येथे कोल्हापूरकरांशी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध पिणे हा या शहराचा अभिमान आहे आणि पैलवानाला मानवते ते पिल्लालाही मानवेल अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते. परंतु मांजरीच्या दुधात प्रथिने सात-आठ टक्क्यांच्या आसपास असतात, तर गाईच्या दुधात ती सव्वातीन ते साडेतीन आणि म्हशीच्या दुधात चार टक्क्यांच्या जवळपास. उलट दुग्धशर्करा गाई-म्हशीच्या दुधात अधिक. शिवाय म्हशीच्या दुधाचा पोटात घट्ट साका बनतो. परिणामी काही पिल्लांना जुलाब होतात, तर काहींचे पोट गच्च होते. मांजरांसाठी तयार केलेली दूधपावडर प्राण्यांच्या औषधांच्या दुकानांत मिळते, तीच वापरावी. पण ‘चांगली ताकद यावी’ म्हणून पावडर जास्त आणि पाणी कमी घालण्याचा मोह होतो. दाट दुधाने शरीरातील पाणी कमी पडते आणि शी सुकून कडक होते. डब्यावरील प्रमाण तंतोतंत पाळावे. लघवी गडद पिवळी दिसू लागली किंवा हिरड्या चिकट, कोरड्या वाटल्या, तर पाणी कमी पडत आहे असे समजावे.

दुसरे कारण थंडीचे. इतक्या लहान पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही, आणि अंग थंड पडले की आतड्यांची हालचालही मंदावते. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजणे धोक्याचे आहे, कारण ते पचत नाही. पावसाळी हवेत तर विशेष काळजी घ्यावी. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पिल्लाशेजारी ठेवावी, मात्र नको वाटल्यास दूर सरकायला त्याला जागा असावी. दूधही अंगाच्या उबेइतके कोमट असावे आणि पिल्लाला पोटावर ठेवूनच पाजावे. तान्ह्या बाळासारखे उताणे धरून पाजल्यास ते फुप्फुसात जाऊ शकते.

एवढे करूनही शी होत नसेल, तर बोटांच्या टोकांनी पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलकेच मालिश करावे. पिल्लाचा मागचा भाग एक-दोन मिनिटे कोमट पाण्यात धरून मग कापूस फिरवल्यासही उपयोग होतो. त्यानंतर त्याला पूर्ण कोरडे करणे विसरू नये. काही वेळा गुदद्वारावर शी सुकून बसल्यानेच वाट बंद झालेली असते आणि ती कोमट पाण्याने सुटते.

आता जे करू नये त्याविषयी. तान्ह्या बाळाचे पोट साफ होण्यासाठी विड्याच्या पानाचे देठ तेलात बुडवून लावण्याची किंवा साबणाची कांडी वापरण्याची रीत जुन्या पिढीला ठाऊक आहे. शंभर-दीडशे ग्रॅमच्या पिल्लाचे आतडे इतके नाजूक असते, की त्याला इजा व्हायला वेळ लागत नाही. एरंडेल पाजू नये. ते घशाऐवजी श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होतो, आणि पोटात गेले तर जुलाबाने पाणी घटते. माणसांसाठीचा फॉस्फेटयुक्त एनिमा तर मांजराच्या जिवावर बेततो, कारण त्याने रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडते. एनिमाची गरज असेलच तर तो पशुवैद्यकाने द्यावा.

दोन दिवस उलटूनही शी झाली नाही, पोट टणक लागले, पिल्लाने दूध सोडले, उलटी केली किंवा ते मलूल पडले, तर सकाळची वाट पाहू नये. क्वचित एखाद्या पिल्लाला जन्मतःच गुदद्वार नसते. शेपटी उचलून पाहिल्यास ते समजते, पण अनेकजण तेवढे पाहतच नाहीत. आणखी एक घोटाळा म्हणजे जुलाबाने बेजार झालेले पिल्लूही कुंथते. त्याला बद्धकोष्ठतेचे औषध दिल्यास हाल दुप्पट होतात.

पिल्लाचे वजन रोज एकाच वेळी करावे. त्यासाठी गुजरीतल्या सराफाचा काटा नको, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. जन्मतः सुमारे शंभर ग्रॅमचे पिल्लू दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास वाढते. वजन थांबले किंवा घटले, तर पोट साफ असले तरी काहीतरी बिनसले आहे. वजन, दुधाचे प्रमाण आणि शी-शूची वेळ एका वहीत लिहून ठेवली, तर पशुवैद्यकाचे निम्मे प्रश्न सुटतात. जाताना वहीबरोबर दूधपावडरीचा डबाही न्यावा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लू स्वतःच कोपरा शोधू लागते. मग उथळ ताटात थोडी माती किंवा कागदाचे तुकडे ठेवून दूध पाजल्यावर त्याला त्यात सोडावे. पहिले काही दिवस कापूस हाताशी असू द्यावा.