घारापुरीतला सोमवार

पहाटे साडेपाचला उरणच्या घरी पिशवी भरली तेव्हा सगळ्यात जास्त काळजी कागदांची होती. 2011 च्या जनगणनेची अनुसूची यंत्रावर वाचली जाणार होती. ती दुमडायची नाही, भिजवायची नाही, तिच्यावर डाग पडू द्यायचा नाही, असं प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं. रस्त्यावरच्या गावात ही अट पाळणं सोपं, पण मला खाडी ओलांडून जायचं होतं. म्हणून फॉर्म आधी एका प्लॅस्टिकमध्ये, मग दुसऱ्या प्लॅस्टिकमध्ये आणि मग पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये बांधले.

तारीख 21 फेब्रुवारी 2011. माणसांची प्रत्यक्ष मोजणी 9 तारखेला सुरू झाली होती आणि 28 ला संपणार होती. मी प्राथमिक शिक्षक, त्यामुळे प्रगणक होणं ओघानंच आलं. माझ्या गटात घारापुरी बेटावरचं मोराबंदर आणि राजबंदरची काही घरं होती, शेतबंदर दुसऱ्या गुरुजींकडे. सोमवार मी मुद्दाम धरला. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मुंबईच्या गेटवेहून लाँची येत नाहीत, म्हणून दुकानं उघडत नाहीत. आठवड्याच्या बाकी दिवशी बेटावरची निम्मी माणसं पर्यटकांच्या मागे पायऱ्यांवर असतात आणि दाराला कडी असते. सोमवारी माणूस घरी भेटतो.

सातला न्हाव्याहून मचवा. त्यात भाजीच्या गोण्या, दुधाचे कॅन, दोन सिलिंडर आणि उरणला मुक्कामी राहून परतणारी चार-पाच माणसं. ज्याला आपण दुकानातून सहज आणलेली वस्तू म्हणतो ती या बेटावर अशी, पाण्यावरून आणि कुणाच्या तरी खांद्यावरून येते. बेटावर मोटार नाही, रिक्षा नाही. धक्क्यापासून पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत पर्यटकांना नेणारी छोटी रेल्वे आहे, पण ती शेतबंदरला. मोराबंदरच्या बाईच्या सिलिंडरला ती उपयोगाची नाही.

मागे जेएनपीटी बंदराच्या क्रेन, पुढे घारापुरीच्या दोन टेकड्या. पाण्यावरून बघितलं की बेटाची रचना चटकन ध्यानात येते. पश्चिमेला तोफांची टेकडी, पूर्वेला स्तूपाची, आणि मधे उत्तर-दक्षिण उतरलेली घळ. सगळा परीघ सात किलोमीटरच्या आसपास. महसुलाच्या कागदावर हे एक गाव आहे, तालुका उरण, जिल्हा रायगड. प्रत्यक्षात तीन वस्त्या आहेत आणि तिघींची तोंडं तीन दिशांना. वायव्येचं शेतबंदर मुंबईकडे बघतं, ईशान्येचं मोराबंदर न्हाव्याकडे, दक्षिणेचं राजबंदर उघड्या पाण्याकडे. एका वस्तीतून दुसरीत जायला टेकडी चढा, नाहीतर किनाऱ्यानं वळसा घाला.

पावणेआठला मोराबंदर. माघ वद्य चतुर्थी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब इथं पोरासोरांना येतो. चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती दुपारी तीनच्या सुमाराला आणि आत्ता ओहोटी. मचवा थोडा अलीकडेच थांबला. चप्पल हातात, फॉर्म डोक्यावर, आणि खारफुटीच्या कडेकडेनं चिखलातून धक्क्यावर. एका म्हातारबाबांनी हात दिला आणि विचारलं, "गुरुजी, मागच्या वर्षी घरं मोजून गेलात, आता परत काय?" मी म्हटलं, "बाबा, तेव्हा घरं मोजली, आता माणसं मोजायचीत."

आठ ते अकरा मोराबंदर. नजरी नकाशा आधीचा होता, त्यात दोन घरं वाढवली. कुटुंब कशाला म्हणायचं याचा नियम मला फार आवडतो: एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. एका छपराखाली दोन भाऊ, मधे भिंत नाही, पण चुली दोन, तर फॉर्म दोन. थोरल्या वहिनींनी हे ऐकलं आणि धाकटीकडे बघून म्हणाल्या, "मग आमची एकच लिवा. गॅस दोन असले तरी भाकरी मीच थापते." मी नियम परत समजावला, दोघींना वेगवेगळं विचारलं आणि शेवटी एकच लिहिलं.

त्या दिवसातला सगळ्यात अवघड भाग कामाच्या रकान्याचा. गेल्या वर्षभरात काही काम केलं का, सहा महिन्यांहून जास्त की कमी, काय काम, कुठे. बाईला विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं, "मी घरीच असते." तिथं थांबलो असतो तर ती बाई कागदावर बिनकामाची ठरली असती. पण तिच्याच ओटीवर मण्यांच्या माळांची टोपली होती. मग विचारत गेलो. लेण्यांपाशी दुकान कुणाचं? "ह्यांचं." बसतं कोण? "मी बसते." पावसाळ्यात? "तेव्हा लाँची कमी, गिऱ्हाईक नाही. मग आम्ही लावणीला." आणि पहाटे? "चिंबोऱ्या मिळाल्या तर इकायला." ऑक्टोबर ते मे मोजले तरी सहा महिने सहज भरत होते. तिला मुख्य काम करणारी म्हणून लिहिलं. तिचा नवरा म्हणाला, "गुरुजी, तिचं नाव कशाला त्यात?" मी म्हटलं, "दादा, दुकानात बसतं कोण, ते आत्ताच ऐकलंत ना तुम्ही?" सूचनापुस्तिकेतही स्त्रियांच्या कामाबद्दल खोदून विचारा असं लिहिलेलं असतं, पण घाईतला प्रगणक ते पान उलटून जातो. मला हे मनापासून वाटतं की असा एकेक रकाना घाईनं भरल्यामुळे या किनाऱ्यावरच्या हजारो बायकांची मेहनत सरकारी कागदात उतरलीच नाही.

त्यापुढचा प्रश्न कामाच्या ठिकाणी कसे जाता. पर्याय छापलेलेच होते: पायी, सायकल, मोटारसायकल, बस, रेल्वे आणि शेवटी शेवटी जलवाहतूक. शाळेच्या गावात काम करताना हा पर्याय मी एकदाही वापरला नव्हता. इथं घरटी एक तरी. कुणी लाँचीवर खलाशी, कुणी न्हाव्याला, कुणी मुंबईत. भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या एकानं अंतर विचारल्यावर उलट मलाच विचारलं, "भरतीचं सांगू की ओहोटीचं?" त्याला वेळ म्हणायची होती. कागदाला किलोमीटर हवे होते.

अकराला घळीच्या वाटेनं राजबंदरकडे. डावीकडे स्तूपाच्या टेकडीवर विटांच्या जुन्या स्तूपाचे अवशेष आहेत. बेटावर माणूस राहतोय तो लेणी कोरण्याच्याही आधीपासून, हे त्या विटा सांगतात. ताड, चिंच, आंबा, आणि बंधाऱ्यात फेब्रुवारीतच खाली गेलेलं पाणी. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या गावात एप्रिल-मेला हंड्यांची रांग लागते. लेण्यांना 1987 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. पण ज्या दगडात ती कोरली तो पाणी फारसं धरून ठेवत नाही, आणि खाली राहणाऱ्यांना त्याची झळ दरवर्षी लागते.

बारा ते अडीच राजबंदर. बोटी पूर्वी याच अंगाला लागत. पोर्तुगीजांनी जो दगडी हत्ती बघून बेटाला एलिफंटा म्हटलं, तो इथल्याच उतारापाशी उभा होता. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तो पडून फुटला, आणि आता जोडलेल्या स्थितीत भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर आहे.

इथं जन्मस्थानाचा रकाना भरत होतो. पुरुषांपुढे बहुतेक "हेच गाव". बायकांपुढे न्हावा, करंजा, मोरा, उरण, एखादी अलिबागकडची, आणि येण्याचं कारण विवाह. एका आजींना किती वर्षं झाली विचारलं तर म्हणाल्या, "शिडाच्या होडीतून वरात आली, तेव्हा मशीन नव्हतं." त्यावरून आणि थोरल्या मुलाच्या वयावरून वर्ष बसवलं. मातृभाषा काय, तर "आगरी". सांगतील तसंच लिहायचं असा नियम आहे, लिहिलं. संकष्टी असल्यानं घरात उपास होता. मला साबुदाणा मिळाला, आणि त्याबरोबर शाळेची गाऱ्हाणी.

तीनच्या भरतीला दोन माणसं जाळं घेऊन निघणार होती, त्यांची घरं मी घाईनं उरकली. त्यानंतर किनाऱ्याच्या वाटेनं शेतबंदरला. तिथली मोजणी करणारे गुरुजी भेटले. बंद दुकानांच्या फळ्यांवर बसून आम्ही एकाच अडचणीवर बोललो: जे रविवारी येतात त्यांचं काय? बेटावर पुढचं शिक्षण नाही, पगाराची नोकरी नाही, म्हणून पोरगा उरणला किंवा मुंबईत भाड्यानं राहतो. आई म्हणते, "लिवा ना त्याला, घर त्याचंच हाय." नियम सांगतो की नेहमीचं राहणं कुठे ते बघा. आम्ही नियमानंच गेलो, पण प्रत्येक वेळी आईचा चेहरा उतरायचा. सगळ्या बेटाची वस्ती हजार-बाराशे. शहरात शंभर माणसं गळली तर कुणाला पत्ता लागत नाही. इथं वीस मुलं गळली तर वर्ग कमी होतो, शिक्षक कमी होतो आणि उरलेलीही पाणी ओलांडून जातात. म्हणून नियमात बसणारा एकही माणूस सुटू द्यायचा नाही, एवढं आम्ही ठरवलं होतं. लेण्यांचे पहारेकरी रात्री बेटावरच असतात, त्यांना कुणी लिहिलं नव्हतं. ते त्या संध्याकाळी लिहिले.

पर्यटकांना बेटावर रात्र काढायची परवानगी नाही. आम्ही शाळेत मुक्काम केला. सातला जनरेटर सुरू झाला. तेव्हा वीज अशीच, सात ते दहा, डिझेलवर. तीन तासांत पोरांचा अभ्यास, मोबाइलचं चार्जिंग आणि मालिका. समोर जवाहर द्वीपाचे तेलाचे धक्के, पूर्वेला बंदर, पश्चिमेला सगळी मुंबई रात्रभर उजळलेली. कायमची वीज त्यानंतर सात वर्षांनी आली, 22 फेब्रुवारी 2018 ला, समुद्राखालून टाकलेल्या साडेसात किलोमीटरच्या केबलमधून.

जनरेटरच्या उजेडात बेरजा घेतल्या. पुरुष, स्त्रिया, सहा वर्षांपर्यंतची मुलं, साक्षर. दोनदा जुळवल्या.

मोराबंदरच्या एका घरापुढे पेन्सिलीनं खूण राहिली होती. सून नवव्या महिन्यात, दोन दिवसांत माहेरी उरणला जाणार, कारण बेटावर दवाखाना नाही आणि रात्री मचवा मिळेलच याचा भरवसा नाही. बाळ 28 च्या मध्यरात्रीच्या आत जन्मलं तर ते या मोजणीत धरायचं, नंतर जन्मलं तर नाही. उजळणीची फेरी 1 ते 5 मार्च. वहीत लिहिलं: पहिलं घर हेच, सासूला विचारणे, मुलगा की मुलगी, तारीख आणि वेळ.