खोट्या सहीची गोष्ट

मुंबईच्या एका उपनगरातल्या मराठी शाळेत मी चौतीस वर्षे गणित शिकवले. एवढ्या वर्षांत हातून चुका पुष्कळ झाल्या. बहुतेक फळ्यावरच्या होत्या आणि त्या मुलांनीच मोठ्या हौसेने दाखवून दिल्या. पण एक चूक फळ्यावरची नव्हती, म्हणून ती अजून पुसली गेलेली नाही.

साल १९८६. दिवाळीची सुटी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. सहावीच्या वर्गाला सहामाहीची प्रगतिपुस्तके वाटून, पालकांची सही घेऊन ती परत आणायला मी सांगितले होते. एका मुलाच्या पुस्तकावर (त्याचे नाव मुद्दामच सांगत नाही) सही अगदी लफ्फेदार होती. पण लफ्फा मारण्याच्या नादात पठ्ठ्याने स्वतःच्याच आडनावातले एक अक्षर गाळले होते! मी ते वर्गाला वाचून दाखवले. हशा पिकला. मीही हसले. तो मात्र हसला नाही, रडलाही नाही. नुसता दाराकडे बघत राहिला. मी वडिलांना चिठ्ठी धाडली.

दुसऱ्याच दिवशी वडील आले. चांगली नोकरी, इस्त्रीचे कपडे, मृदू बोलणे. म्हणाले, "बाई, तुम्ही कळवलंत हे फार बरं केलंत. आता मी बघतो त्याच्याकडे."

मला वाटले, काय समंजस गृहस्थ आहेत!

मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो लांब बाह्यांचा स्वेटर घालून. मुंबईच्या नोव्हेंबरात, भर दुपारी स्वेटर! मधल्या सुटीत मी त्याला शिक्षकांच्या खोलीत बोलावले आणि बाही वर केली. पट्ट्याचे वळ होते. "पडलो, बाई," तो म्हणाला. ती चिठ्ठी मी लिहिली होती.

पुढे हळूहळू तो बोलू लागला. वडिलांविषयी चकार शब्द काढीत नसे, बोलायचा स्कूटरविषयी. "बाई, स्कूटर स्टँडला लावल्याचा आवाज आला ना, की कळतं." हळू लावली, तर जेवणे धड होणार. आपटली, तर धाकट्या बहिणीला घेऊन शेजारच्या काकूंकडे जायचे. संध्याकाळी साडेसहापासून त्याचे कान फाटकाशी असत. पुढ्यात नफा-तोट्याची उदाहरणे उघडलेली असत. आता तुम्हीच सांगा, ती डोक्यात कशी शिरणार?

आम्ही शिक्षक अशा मुलाला 'लक्ष नाही' असा शेरा देऊन मोकळे होत असू. वास्तविक लक्ष असते, पण ते दुसरीकडे पहाऱ्यावर बसलेले असते. घरात सतत धास्ती असली, की शरीर कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वारंवार सोडत राहते. मेंदू धोका हुडकण्यात गुंततो आणि गणिताच्या चार पायऱ्या मनात धरून ठेवण्याची शक्ती मागे पडते. मग डस्टर पडले तरी मूल दचकते, जरा धक्का लागला तरी मारायला धावते. काही मुले उलट अगदी गप्प होतात. त्यांना तर आम्ही 'वर्तणूक उत्तम' असा शेरा देतो!

हे सारे गरिबांच्या वस्तीत चालते, आपल्याकडे नाही, असे कृपा करून समजू नका. अमेरिकेत सॅन दिएगो येथे १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारण्यात आले. मारहाण, घरातले व्यसन, आईवर उचललेला हात, आईवडिलांची ताटातूट असे ते प्रश्न होते. उत्तरे देणारे बहुतेक शिकलेले, मध्यमवर्गीय. तरी जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांनी यांपैकी निदान एक तरी अनुभव घेतलेला होता. ब्लॉकचे दार बंद असले, की आवाज जिन्यापर्यंत येत नाही, इतकेच.

मग मी काय केले? फार मोठे काही नाही. मुख्याध्यापिकाबाईंना सगळे सांगितले. आणखी चार मुले गोळा करून, त्याला एकट्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून, शाळा सुटल्यावर सहापर्यंत 'जादा वर्ग' सुरू केला. त्याचा गृहपाठ स्कूटर येण्यापूर्वीच उरकू लागला. घरी तक्रारीची चिठ्ठी पुन्हा कधी पाठवली नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याच्या आईला बोलावून घेतले. तिने धीर करून आपल्या भावाला कळवले. मामा येऊन बोलून गेले. मारहाण थांबली, आरडाओरडा थांबला नाही. वार्षिक परीक्षेत गणितात अठ्ठाविसाचे सत्तेचाळीस झाले. तो पुढे कलेक्टर झाला, असे सांगायला मला आवडले असते. पण झाले ते एवढेच.

एवढ्यालाही मोल आहे. हवाई बेटांपैकी कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या बाईंनी अनेक दशके मागोवा घेतला. अत्यंत कठीण परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले पुढे चांगली, कर्तीसवरती माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी भरवशाचे वडीलधारे माणूस होते. कुणाची आजी, कुणाची मावशी, कुणाच्या शाळेतल्या बाई.

शाळेत मुलांना मारणे किंवा मानसिक त्रास देणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने निषिद्ध ठरवले आहे. संकटातल्या मुलासाठी आज १०९८ हा फोन क्रमांकही आहे. पण घराच्या दाराआड शाळेचा कायदा पोचत नाही, आणि फोन कुणीतरी उचलून लावावा लागतो.

दिवाळीचा फराळ संपेल, शाळा उघडतील आणि सहामाहीचे गुण घरोघर येतील. मुलाला "किती पडले?" असे विचारण्याआधी एक करून पाहा. संध्याकाळी आपण घरी येतो, तेव्हा जिन्यावरची आपली पावले ऐकून आपले मूल दाराकडे धावते, की आतल्या खोलीत जाते, एवढे पाहा. आणि शेजारचे मूल वेळीअवेळी आपल्या दाराशी उभे राहिले, तर "काय रे, काय काम आहे?" असे न विचारता त्याला आत घ्या. त्या काकूंनी तेवढेच केले होते, माझ्या कितीतरी आधी.